परिसरातील देशी वन्यजीवांशी ओळख आणि टोकाच्या हवामानाची तयारी: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

पक्षी पाहण्याचा छंद मला लागला, त्याच वर्षी आमच्या भागात दोन दिवसांचे मोठे वादळ झाले आणि त्या दोन दिवसांत माझ्या हातून ज्या चुका घडल्या, त्यांतूनच हा लेख उभा राहिला आहे. वादळ ओसरल्यावर झाडाखाली भिजून बसलेले एक पिल्लू मी घरात आणले, त्याची चोच उघडून पाणी पाजले आणि संध्याकाळपर्यंत ते मेले. त्याला पंख फुटलेले होते, त्याचे आईबाप समोरच्याच फांदीवर ओरडत होते, पण त्या ओरडण्याचा अर्थ लागावा इतकी माझी त्या पक्ष्याशी ओळख नव्हती. त्याच रात्री विजेरीत सेल नाहीत, औषधांची चिठ्ठी सापडत नाही आणि जवळच्या वन्यजीव बचाव केंद्राचा क्रमांक कुठेही लिहिलेला नाही, हेही एकामागून एक लक्षात आले.

पुढे काही वर्षे नोंदी ठेवल्यावर असे दिसून आले की, वन्यजीवांची ओळख आणि हवामानाची तयारी ही दोन वेगळी कामे नाहीत. पाणी पहिल्यांदा कुठे साचते, कोणते झाड पोकळ आहे, भर दुपारी सावली कुठे उरते, ही माहिती प्राण्यांच्या मागावर राहिल्याने आपोआप मिळते आणि संकटाच्या वेळी तीच घराच्या उपयोगी पडते. म्हणून पुढील टप्पे शक्यतो याच क्रमाने घ्यावेत.

१. देशी कोण आणि आणलेले कोण, हे आधी समजून घ्या

एखादी प्रजाती माणसाने न आणता, स्वतःच्या पसरण्याने एखाद्या भूभागात राहत आली असेल, तर ती तेथील देशी प्रजाती होय. माणसाने मुद्दाम किंवा नकळत आणलेली ती परकी. आणि परक्यांपैकी ज्या अनियंत्रित पसरून स्थानिक जीवांना हुसकावतात, त्या आक्रमक. नवख्यांचा गोंधळ येथेच होतो, कारण 'देशी' हा शब्द प्रजातीला कायमचा चिकटलेला नसून जागेनुसार बदलतो. साळुंकी दक्षिण आशियात देशी आहे. तीच ऑस्ट्रेलियात आणि प्रशांत महासागरातील अनेक बेटांवर आक्रमक ठरली असून जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. घाणेरीची झुडपे मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, पण आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील जंगलांत ती इतकी माजली आहेत की, अनेकांना ती तेथलीच वाटतात. उसाचे नुकसान करणाऱ्या भुंग्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेल्या बेडकांनी भुंगे फारसे खाल्ले नाहीत, मात्र त्यांच्या विषाने तेथील शिकारी प्राणी मरू लागले.

परक्या प्राण्याचा द्वेष करण्याचे कारण नाही, कारण तो आपण होऊन आलेला नाही. परंतु पुढे झाडे लावताना, पाणी ठेवताना किंवा जखमी प्राणी केंद्राकडे सोपवताना हा फरक कामास येतो. आपल्या भागातील नेहमी दिसणारे १५ पक्षी, ५ सस्तन प्राणी, ५ साप आणि १० झाडे एवढ्यांची यादी करून प्रत्येकापुढे देशी की परके हे लिहावे. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे. दोनशे नावे पाठ करण्याच्या नादात पहिल्या महिन्यातच कंटाळून छंद सोडलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

२. साहित्य थोडेच घ्या

दुर्बिणीवर '८ × ४२' असे आकडे असतात. त्यातील पहिला किती पट मोठे दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. नवखे बहुधा १० किंवा १२ पटीच्या दुर्बिणीकडे ओढले जातात. परंतु पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि दृश्याचा आवाका आटतो. त्यामुळे ८ पटीची दुर्बीणच सुरुवातीला बरी. यापलीकडे एक वही, शिसपेन्सिल (शाई भिजली की नोंद गेली), आपल्या भागाचे चित्रांसह एक ओळखपुस्तक आणि डोक्यावर टोपी एवढ्यावर काम भागते.

मोबाइलवर मर्लिन हे अॅप आवाजावरून आणि छायाचित्रावरून पक्षी ओळखण्यास मदत करते, तर आयनॅचरलिस्टवर वनस्पती, कीटक, प्राणी अशा सर्वांच्या नोंदी टाकता येतात आणि इतर निरीक्षक ओळख पटवून देतात. अॅपने सुचवलेले नाव मात्र अंतिम मानू नये. पावसाच्या आवाजात किंवा दोन पक्षी एकाच वेळी बोलत असताना ती हमखास चुकतात. दुसरी खबरदारी अशी की, दुर्मीळ प्राण्याचे घरटे किंवा बीळ सापडल्यास त्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. आयनॅचरलिस्टवर धोक्यातील अनेक प्रजातींचे अचूक ठिकाण आपोआप झाकले जाते, ते उगाच नाही.

३. एकच जागा निवडा आणि तिची वही ठेवा

घराची गच्ची, अंगण, रस्त्याच्या कडेचे जुने झाड, तळ्याचा काठ, यांपैकी रोज जाता येईल अशी एकच जागा निवडावी. दूरच्या अभयारण्यात वर्षातून दोनदा जाण्यापेक्षा रोजच्या २० मिनिटांतून अधिक शिकायला मिळते, कारण नेहमीचे काय हे ठाऊक असल्याशिवाय वेगळे काय घडले ते कळत नाही.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा आणि ढगांची स्थिती लिहावी. त्यानंतर कोण दिसले, काय करत होते आणि जमिनीपासून किती उंचीवर होते ते लिहावे. 'काय करत होते' हा रकाना सर्वांत मोठा ठेवावा. चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरलेला पक्षी, भर दुपारी उघड्यावर आलेली खार, अंडी तोंडात धरून भिंतीवर चढणारी मुंग्यांची रांग, अशा गोष्टी नावांच्या यादीपेक्षा मोलाच्या ठरतात.

अशा साध्या नोंदींचे बळ पाहायचे असेल तर जपानमधील क्योटो शहराचे उदाहरण घ्यावे. तेथील चेरीच्या बहराचे उल्लेख इ. स. ८१२ पासूनच्या रोजनिश्यांत आणि दरबारी कागदपत्रांत सापडतात आणि २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा सुमारे १,२०० वर्षांतील सर्वांत लवकरच्या बहरांपैकी ठरला. ज्यांनी त्या तारखा लिहून ठेवल्या, त्यांना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'प्राण्यांना वादळ आधीच कळते' या समजुतीवर घराची सुरक्षितता सोपवू नये. अमेरिकेतील टेनेसी राज्यात एप्रिल २०१४ मध्ये सोनेरी पंखांच्या वटवट्या पक्ष्यांवर लहान उपकरणे बसवलेली होती. मोठी वादळे येण्याच्या एक-दोन दिवस आधी ते पक्षी तेथून निघून गेले आणि वादळे सरल्यावर परतले. माणसाला ऐकू न येणारा, अतिशय खालच्या पट्टीतील वादळाचा आवाज त्यांना जाणवला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. हा प्रसंग विलक्षण आहे यात शंका नाही. पण तो मोजक्या पक्ष्यांचा आहे आणि आपल्या अंगणातील कावळा गप्प बसण्याला वादळाखेरीज शंभर कारणे असू शकतात. प्राण्यांचे वागणे वहीसाठी, आणि घर सोडायचे की नाही हा निर्णय अधिकृत इशाऱ्यासाठी, अशी विभागणी ठेवावी.

४. आपल्या जागेचा खरा धोका कोणता, ते ठरवा

सर्व संकटांची तयारी एकदम करू पाहणारा माणूस शेवटी एकाचीही नीट करत नाही. उष्णतेची लाट, पूर, वादळ, वीज, गारपीट, वणवा, दरड यांपैकी आपल्या जागेला कोणते दोन धोके सर्वाधिक आहेत, हे जुन्या रहिवाशांना विचारून, स्थानिक प्रशासनाचे पूररेषेचे नकाशे पाहून आणि आपली वही चाळून ठरवावे. मागच्या अनुभवात थोडी भरही घालावी, कारण हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की, ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते आणि त्यामुळे कमी वेळात कोसळणारा पाऊस अधिक जोरकस होतो. 'इथपर्यंत पाणी कधीच आले नव्हते' हे वाक्य म्हणूनच फारसे भरवशाचे राहिलेले नाही.

राष्ट्रीय हवामान संस्थेचे इशारे मोबाइलवर येतील अशी सोय आजच करावी आणि त्यांतील रंगांचा अर्थ घरातील प्रत्येकाला समजावून द्यावा. अनेक देशांत पिवळा, नारिंगी आणि लाल अशी चढती श्रेणी वापरली जाते, पण प्रत्येक रंगाला नेमके काय अपेक्षित आहे ते देशागणिक वेगळे असते. आमच्याकडे दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावलेला आहे: अमुक रंग आल्यास काय आवरायचे, अमुक आल्यास कुठे जायचे. इशारा आल्यानंतर चर्चा करत बसण्यापेक्षा हे फार सोपे पडते.

५. हंगामापूर्वी झाडे आणि घर पाहून घ्या

या टप्प्यावर मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण वन्यजीवांचे सर्वाधिक नुकसान प्रत्यक्ष वादळापेक्षा वादळापूर्वीच्या घाईत होते, असे माझे ठाम मत झाले आहे. इशारा आला की लोक कुऱ्हाड-करवत घेऊन बाहेर पडतात आणि घरट्यांसह अर्धे झाड उतरवतात.

छाटणी करायची ती विणीचा हंगाम टळल्यावर आणि वादळांचा हंगाम सुरू होण्याच्या पुरेशी आधी. झाडावर चढण्यापूर्वी निदान दोन सकाळी खाली उभे राहून पाहावे. चोचीत काडी किंवा अळी घेऊन एकाच ठिकाणी वारंवार जाणारा पक्षी दिसला, तर तेथे घरटे आहे असे समजावे आणि ती फांदी पिल्ले उडेपर्यंत राहू द्यावी. छपरावर कोसळण्याचा तातडीचा धोका असेल तरच वन्यजीव खात्याशी किंवा बचाव केंद्राशी बोलून पुढे जावे.

छाटणीतही दोन सापळे आहेत. पहिला शेंडा उडवण्याचा: शेंडा कापल्यावर त्या जागी भराभर फुटणाऱ्या धुमाऱ्यांची पकड कच्ची असते आणि काही वर्षांत तेच आधी मोडतात. दुसरा सापळा फांदीच्या आतील डहाळ्या साफ करून फक्त टोकाला पाने ठेवण्याचा: यामुळे वाऱ्याचा सारा जोर टोकाशी येतो आणि फांदी लवकर तुटते. वाळलेल्या, चिरलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढणे, एवढेच बहुतेक झाडांना पुरते. त्यासाठीही जाणकार माणूस बोलवावा आणि वीजवाहिनीजवळच्या फांदीला स्वतः हात लावू नये.

वाळलेले, ढोली असलेले झाड घरावर, वाटेवर किंवा तारांवर पडण्याजोगे नसेल तर ते उभेच राहू द्यावे. पोपट, घुबडे, सुतार, वटवाघळे, मधमाश्या अशा कितीतरी जीवांना ढोलीला पर्याय नसतो आणि ढोली तयार व्हायला अनेक दशके लागतात. झाड काढणे अटळ असेल, तर त्याचा ओंडका कोपऱ्यात पडून राहू द्यावा. बेडूक, सरडे आणि भुंगे तेथे आसरा घेतात. नवी झाडे लावायची असल्यास देशी जाती निवडाव्यात, त्यांवर स्थानिक कीटक पोसले जातात आणि त्या कीटकांवर पिल्ले.

घराच्या बाबतीत छपराचे सैल पत्रे, तुंबलेले पन्हळ, गच्चीवरील कुंड्या आणि उघड्यावरचे हलके सामान एवढे पाहावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे रोजच्या वाऱ्यात न हलणारी कुंडी वादळात खिडकी का फोडते ते कळते. पायाजवळची भोके बुजवण्यापूर्वी आत कोणी नाही याची खात्री करावी. संध्याकाळी भोकासमोर पीठ भुरभुरून सकाळी पाऊलखुणा पाहणे ही सोपी युक्ती आहे.

६. कागदपत्रे आणि निघण्याची पिशवी

जलरोधक पिशवीत पुढील गोष्टी एकत्र ठेवाव्यात आणि तिची जागा घरातील सर्वांना ठाऊक असावी:

- ओळखपत्रे, घराची कागदपत्रे, विम्याचे कागद यांच्या प्रती. मूळ कागदांची छायाचित्रे मोबाइलवर आणि घराबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीकडे
- नेहमीच्या औषधांचा किमान आठवड्याचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- घराची आणि सामानाची आधीच्या स्थितीतील छायाचित्रे, विम्याचा दावा करताना लागतात म्हणून
- पाळीव प्राण्यांचे लसीकरणाचे कागद, पट्टा आणि वाहून नेण्याचा पिंजरा
- विजेरी, जादा सेल, पॉवर बँक, शिट्टी आणि सेलवर चालणारा रेडिओ
- कागदावर लिहिलेले क्रमांक: आपत्कालीन सेवा, वन्यजीव बचाव केंद्र, पशुवैद्य, सर्पमित्र, शेजारी
- जाड हातमोजे, झाकण असलेले आणि भोके पाडलेले खोके, जुना सुती कपडा

घरात प्रत्येक माणसासाठी रोजचे सुमारे ४ लिटर याप्रमाणे किमान ३ दिवसांचे पाणी वेगळे भरून ठेवावे. पाळीव प्राण्यांचे पाणी या हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. तसेच संकटात मांजर किंवा कुत्रे मोकळे सोडून देणे ही दया नव्हे. ते स्वतः हरवतात आणि निवाऱ्याला आलेल्या दमलेल्या पक्ष्यांना मारतात.

७. उष्णतेची लाट

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. ते धापा टाकून आणि घशाची कातडी फडफडवून अंगातील उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात शरीरातील पाणी झपाट्याने जाते. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांना तर ४२ अंश सेल्सिअसच्या वर तग धरणे कठीण होते. जानेवारी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या आग्नेय भागात एकाच अतिउष्ण दिवशी ४५,००० हून अधिक वटवाघळे मेली.

आपल्या हातात असलेली सर्वांत परिणामकारक मदत म्हणजे पाणी, पण ते ठेवण्याची रीत असते. भांडे पसरट असावे, पाणी २ ते ५ सेंटिमीटर खोल असावे आणि मध्ये खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्षी आणि मधमाश्या त्यावर उतरू शकतात. मी पहिल्या उन्हाळ्यात खोल बादली ठेवली होती आणि तिसऱ्या दिवशी तीत खार बुडून मेली. खोल टाकी किंवा हौद असेल तर त्यात एक तिरकी फळी सोडून ठेवावी. भांडे सावलीत, मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून दूर ठेवावे आणि रोज घासून पाणी बदलावे. घाणेरड्या पाण्यातून आणि दाणे ठेवण्याच्या जागांवरून रोग पसरतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या ज्या परजीवीमुळे ढासळली, त्याचा प्रसार अशाच ठिकाणी होतो. भांडे रोज घासणे जमणार नसेल, तर न ठेवलेले बरे.

दुपारी १२ ते ४ या वेळात निरीक्षणाला जाऊ नये. माणसाच्या बाबतीत बरळणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे आणि अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी आपत्कालीन सेवेला बोलवावे आणि मदत येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. माझ्या त्या पिल्लाच्या बाबतीतही हाच नियम होता: निपचित पडलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतले की, ते श्वासनलिकेत जाते.

८. वीज

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत; सुमारे ३ सेकंदांना १ किलोमीटर अंतर धरावे. हे अंतर ३० सेकंदांच्या आत आले, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि तत्काळ पक्क्या इमारतीत किंवा धातूचे छत असलेल्या बंद मोटारीत जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

एकट्या झाडाखाली थांबू नये हे सर्वांना ठाऊक असते. जमिनीतून पसरणारा प्रवाह मात्र लक्षात घेतला जात नाही. २६ ऑगस्ट २०१६ रोजी नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावर एका वादळात ३२३ रेनडिअर मेले. कळप दाटीने उभा होता आणि चार पायांच्या प्राण्याचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून दूर असल्याने जमिनीतील प्रवाह एका पायातून शिरून छातीमार्गे दुसऱ्यातून बाहेर पडतो. म्हणून उघड्यावर सापडल्यास घोळका करू नये, एकमेकांपासून अंतर ठेवावे, पाय जुळवून खाली बसावे आणि आडवे पडू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार उरत नाही. त्याला लगेच हात लावून प्रथमोपचार सुरू करता येतात.

९. पूर

वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकते, ३० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटरमध्ये जड गाड्याही वाहून जातात. त्यामुळे अडकलेल्या प्राण्यासाठी पाण्यात उतरण्याचा मोह कितीही झाला, तरी ते काम दोर, होडी आणि प्रशिक्षण असलेल्या पथकावर सोडावे.

पुरात प्राणी उंच जागा शोधतात आणि ती उंच जागा बहुधा रस्ता, बांध किंवा आपले घर असते. आसाममधील काझीरंगात ब्रह्मपुत्रेचे पाणी चढले की, गेंडे, हत्ती आणि हरणे महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे जातात. त्या काळात तेथे वाहनांच्या वेगावर कडक मर्यादा घातली जाते आणि उद्यानात प्राण्यांसाठी मातीचे उंचवटेही बांधलेले आहेत. आपल्याकडे अभयारण्य नसले, तरी पुराच्या दिवसांत रात्री गाडी हळू चालवणे आणि उंचवट्यावर थांबलेल्या प्राण्याला हुसकावून न लावणे, हे करता येते.

घरात साप शिरल्यास दोन-तीन मीटर अंतर राखून, खोलीचे दार बंद करून, दाराखालची फट कापडाने बुजवून सर्पमित्राला बोलवावे. साप मारण्याच्या किंवा पकडण्याच्या प्रयत्नात हात त्याच्या जवळ जातो आणि दंश नेमका तेव्हा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसे सर्पदंशाने मरण पावतात. दंश झाल्यास अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढावे, तो अवयव हलू देऊ नये आणि रुग्णालय गाठावे. चिरा देणे, रक्त चोखणे आणि करकचून दोरी बांधणे यांनी हानीच होते.

पाण्यावर तरंगणारा तांबूस गोळा दिसला तर काठीनेही ढोसू नये. आगमुंग्यांच्या वसाहती एकमेकींना धरून असे जिवंत तराफे करतात. २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाच्या वेळी टेक्सासच्या पुरात ते जागोजागी दिसले होते.

१०. चक्रीवादळ

येथे सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण खरे काम पाचव्या आणि सहाव्या टप्प्यात झालेले असते. खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत थांबावे. वारा अचानक पडला आणि आकाश निवळले तर बाहेर धावू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि तो सरकला की, वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. जनित्र घराबाहेर, खिडक्यांपासून किमान ६ मीटरवर ठेवावे, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

११. ओसरल्यावर सापडलेले प्राणी

प्रथम हातमोजे आणि उंच बूट घालावेत. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. वटवाघूळ किंवा कोणताही सस्तन प्राणी चावला वा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा उपाय उरत नाही.

पिल्लू सापडल्यास आधी त्याचे अंग पाहावे. अंगावर पिसे आहेत, शेपूट आखूड आहे आणि ते टुणटुण उड्या मारते, तर ते घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले आहे. त्याला जवळच्या झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावे आणि निदान तासभर पाहावे. आईबाप चारा घेऊन येतात. पिसे नसलेले पिल्लू असेल आणि घरटे हाताशी असेल, तर ते अलगद आत ठेवावे. माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही. घरटे मोडले असेल, तर भोके असलेली लहान टोपली गवत घालून त्याच फांदीला बांधून पाहावी.

पंख लोंबकळणारा, रक्त येणारा किंवा मांजराने तोंडात धरलेला प्राणी मात्र बचाव केंद्राकडेच जायला हवा. त्याला खोक्यात सुती कपड्यावर ठेवून झाकण लावावे आणि खोके अंधाऱ्या, शांत, उबदार जागी ठेवावे. त्याला दूध, पाव, भात, पाणी यांपैकी काहीही देऊ नये. त्याच्याशी बोलू नये, मुलांना दाखवू नये आणि सारखे झाकण उघडून पाहू नये. आपली जी नजर आपल्याला धीर देणारी वाटते, ती त्याला शिकाऱ्याची वाटते. खोक्यावर तो नेमका कुठे आणि किती वाजता सापडला ते लिहावे, कारण बरा झाल्यावर त्याला तेथेच सोडायचे असते. अनेक देशांत वन्य प्राणी घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

समुद्रावरून वादळाने आत फेकलेले पक्षी कित्येकदा जखमी नसून फक्त दमलेले असतात. त्यांना उचलून पुन्हा लाटांत सोडण्याची घाई करू नये. केंद्राला कळवून त्यांच्याभोवतीची कुत्री आणि गर्दी तेवढी दूर ठेवावी.

पडलेली झाडे उचलताना प्रत्येक ढोलीत आधी विजेरीचा झोत टाकावा. त्यानंतर पाण्याचे भांडे उकळत्या पाण्याने धुऊन मूळ जागी ठेवावे आणि पुढचे ३० दिवस वहीतील रोजची २० मिनिटे चुकवू नयेत. कोणता पक्षी कितव्या दिवशी परतला, कोणता आलाच नाही, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले आणि दारावरच्या कागदातील कोणती सूचना ऐन वेळी निरुपयोगी ठरली, हे सारे त्याच पानांवर लिहावे आणि तो कागद त्या महिन्याच्या अखेरीस नव्याने तयार करावा.